ज्या कागदावर अंगठा घेतलात, तो कागद पुरावा म्हणून घ्या

प्रति,
मा. गृहमंत्री
आणि
मा. इतर मागास बहुजन कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

आपणा दोघांना एकच पत्र लिहिते आहे, कारण आमच्या लोकांची माहिती आपल्यापैकी एका खात्याला तोंडपाठ असते आणि दुसऱ्या खात्याला ती काही केल्या सापडत नाही. या दोन खात्यांची कधी गाठ पडत नसावी. म्हणून पत्र जाहीर लिहिते. निदान वाचणाऱ्यांना तरी दोन्ही बाजू एका ठिकाणी दिसतील.

मी जातीने कैकाडी. सोलापूरला सेटलमेंट फ्री कॉलनीत वाढले, जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, आता निवृत्त आहे. माझा दाखला, माझी पडताळणी, माझी पेन्शन, सगळं रीतसर आहे. माझ्यापुरतं पाहिलं तर तक्रारीला जागा नाही. तक्रार आहे ती माझ्या भाच्याची, आणि त्याच्यासारख्या अनेकांची.

धाकट्या बहिणीला बार्शीकडे दिली आहे. तिच्या सासरची माणसं दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत गाढवांवर बिऱ्हाड घालून बार्शी, भूम, परांडा या पट्ट्यात फिरायची. निरगुडीच्या फोकांच्या कणग्या, तुराट्यांच्या डाल्या विणायच्या, सुगी उरकली की पुढचं गाव गाठायचं. बहिणीच्या मुलाला नर्सिंगला प्रवेश मिळाला, विमुक्त जातीच्या, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींसाठी राखीव असलेल्या, जागेवर. व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, मुदतीत जमा करायची होती. त्रुटीपत्र आलं: 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा जोडावा. या घराकडे सातबारा नाही, जमीनच नव्हती. शाळेचा दाखला नाही, आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही. गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत नाव नाही, कारण बाळंतपण पालात झालं आणि आठवड्याच्या आत पाल उठलं.

एक कागद मात्र होता. भाच्याच्या पणजोबांचा पास, इंग्रजी अमलातला. पत्र्याच्या पेटीत जपलेला, घडीवर फाटलेला, मागून वर्तमानपत्राची पट्टी डकवलेला. त्यावर त्यांचं नाव, बापाचं नाव, जात कैकाडी, गाव, कुठे जायचं, कोणत्या तारखेला परतायचं, कोणत्या पोलीस पाटलापुढे हजर व्हायचं, ओळखीची खूण म्हणून डाव्या भुवईवरचा व्रण, आणि खाली काळ्या शाईत अंगठा. शाई अशी पक्की की रेषा आजही मोजून घ्याव्यात. वर सरकारी शिक्का. आम्ही हरखलोच. जात, गाव, वास्तव्य, ओळख, सगळं एकाच कागदावर, तेही सरकारनेच लिहिलेलं. याहून पक्का पुरावा कोणत्या जातीकडे असेल?

खिडकीवरच्या साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "बाई, हा गुन्ह्याचा कागद आहे, जातीचा नाही. महसुली आणा, नाहीतर शाळेचा."

मुदत टळली, जागा गेली. भाचा आता पुण्यात एका गोदामात पार्सलं चढवतो-उतरवतो.

साहेबांवर माझा राग नाही. त्यांच्यापुढच्या यादीत पास बसत नव्हता, एवढंच. ज्या कायद्याखाली तो पास निघाला त्या कायद्यात जात हाच गुन्हा होता, हे त्यांना कोणी सांगितलं नसणार. शाळेत आम्हीही ते कधी शिकवलं नाही, कारण पुस्तकात ते नव्हतं. तेव्हा आधी ते सांगते.

क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा, 1871च्या ऑक्टोबरात मंजूर झाला. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, 1876 साली बंगालात गेला, 1911च्या नव्या कायद्याने आपल्या मुंबई इलाख्यासकट साऱ्या ब्रिटिश मुलखाला लागू झाला, आणि 1924 साली सगळं एकत्र करून पुन्हा नव्याने पक्का केला गेला. त्यामागचा युक्तिवाद असा: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या चोरी करणाऱ्याही जाती असणारच, आणि त्यांच्यात जन्मलेलं मूल मरेपर्यंत चोरच राहणार. जातिव्यवस्थेबद्दल इंग्रजांनी नाकं मुरडली म्हणतात. इथे मात्र त्यांनी ती जशीच्या तशी उचलली आणि तिला कलमं जोडली.

एखादी जमात गुन्हेगार असल्याचं सरकारने राजपत्रात छापलं की संपलं. ते बरोबर की चूक हे कोर्टानेही विचारायचं नाही, असं 1871च्या कायद्यातच लिहिलेलं होतं. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, हद्द ओलांडायची तर पास घ्यायचा. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर खास कारण नसेल तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा जन्मभराचं काळं पाणी. सहा वर्षांपुढची मुलं आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याचीही मुभा सरकारला होती. अशी सव्वाशेच्या आसपास जमातींची नावं देशभरात यादीवर चढली. आपल्याकडचे पारधी, कैकाडी, भामटे, कंजारभाट, बेरड-रामोशी, टकारी, किती नावं घ्यायची.

आता कोणी म्हणेल, चोऱ्या होत नव्हत्या का? होत होत्या. त्या का होऊ लागल्या तेही पाहा. 1860 साली सोलापूरला जी.आय.पी. रेल्वे कंपनीची आगगाडी आली. 1897 साली बार्शी लाइट ही छोटी रेल्वे सुरू झाली. आगगाडी आली त्या त्या मुलखात बैलांवर मीठ-धान्य लादून नेणाऱ्या लमाणांचा धंदा बसला. मिठावर सरकारचा ताबा आणि कर आधीपासून होताच. 1878च्या जंगल कायद्याने रान सरकारजमा झालं. पारध्याची शिकार चोरी ठरली, कैकाड्याने तोडलेला फोकही चोरीचा ठरू लागला. मधल्या काळात 1876 ते 1878चा दुष्काळ, ज्यात हा सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. रामोशी तर गावाची आणि किल्ल्यांची राखण करणारी माणसं. त्यांची वतनं आणि राखणीचे हक्क कंपनी सरकारने मोडले, त्यातून उमाजी नाईक उभे राहिले आणि फासावर गेले. राखणदाराची जमात पुढे चोरांच्या यादीत आली. यात मला योगायोग दिसत नाही. इंग्रज सरकारला शेतसारा भरणारा, एका जागी बसलेला, वहीत मावणारा माणूस हवा होता. फिरता माणूस वहीत मावत नव्हता. आधी त्याचं पोट काढून घेतलं, मग त्याच्या फिरण्याला गुन्हा म्हटलं.

सगळं खापर इंग्रजांवर फोडून मी मोकळी होणार नाही. आमची सावली टाळणारी गावं त्याआधीही होती, पाल वेशीबाहेरच पडायचं. आमच्या जातपंचायतींनीही आमच्याच बायकांना कमी छळलेलं नाही. पण गावाचा संशय गावापुरता असतो. पुढच्या गावात नवी सुरुवात करता येते. इंग्रजांनी तो संशय छापला, त्याला अनुक्रमांक दिला, ठाण्याठाण्यात त्याची प्रत ठेवली. पोलीस पाटलाच्या हाती रोजची हजेरी आली आणि त्याबरोबर फुकट राबवून घ्यायला एक अख्खी वस्ती आली. असा संशय गावोगावी पुरून उरला. राज्य गेल्यावरही तो गेला नाही, कारण तो आता लोकांचा झाला होता.

सोलापूरच्या सेटलमेंटबद्दल आपल्याला फारसं माहीत असेल असं वाटत नाही, म्हणून थोडं सांगते. मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी सेटलमेंट, म्हणजे यादीवरच्या जमातींना ठेवायच्या वसाहती, होत्या. सोलापूरची तारांच्या कुंपणातली. माझे वडील तिथेच जन्मले. भोंगा झाला की हजेरी, हजेरी झाली की गिरणी, गिरणी सुटली की पुन्हा हजेरी. सोलापूरच्या कापड गिरण्यांना स्वस्त, पळून न जाणारे मजूर मिळाले आणि सरकारला सुधारणा केल्याचं समाधान. चांगलं वागणाऱ्याला तारेबाहेरच्या फ्री कॉलनीत घर मिळायचं. माझ्या आजोबांना मिळालं. आधार कार्डावर माझा पत्ता अजून तोच आहे.

सेटलमेंटमध्ये शाळा होती. वडील तिथे चौथीपर्यंत शिकले, मला त्यांनी शिकवलं. त्यामुळे भाषणांत, लग्नांत कोणीतरी हमखास ऐकवतं: "इंग्रजांचे उपकार माना बाई, नाहीतर गाढवंच वळत बसला असता." शाळेबद्दल वडिलांना कृतज्ञता होती, हे मी लपवत नाही. त्यांना त्यांच्या मास्तरांचं नाव मरेपर्यंत आठवत होतं. पण शाळेत जायला आधी तारेच्या आत जावं लागेल, ही अट ज्याने घातली त्याचे उपकार कसले मानायचे? त्याच काळात सातारला कर्मवीर भाऊरावांचं वसतिगृह चालू होतं. तिथे मुलांना कोंडावं लागलं नव्हतं.

आणि या शाळेचा आजचा परिणाम पाहा, तो आपल्या खात्याच्या कामाचा आहे. आमच्यातले जे तारेच्या आत होते त्यांच्या घरात शाळेचे दाखले आहेत, गिरणीची कार्डं आहेत, घराचा पत्ता आहे. म्हणून माझी पडताळणी झाली. जे तारेबाहेर राहिले, पास घेऊन गावोगाव हजेऱ्या लावत फिरले, त्यांच्या नातवंडांकडे काहीही नाही. विमुक्त जातीच्या सवलती सगळ्यांत आधी त्यांना मिळायला हव्यात ज्यांना इंग्रजांना कोंडता आलं नाही. आपल्या नियमांनी नेमके तेच बाहेर राहतात. तेव्हा न सापडल्याची शिक्षा त्यांची नातवंडं आता भोगतात.

जाता जाता शाळेचं एक. मोहनदास गांधींनी 16 ऑगस्ट 1908 रोजी जोहान्सबर्गला हिंदी लोकांची नोंदणीपत्रं जाळायला लावली, हे मी मुलांना अनेकदा सांगितलं आहे. ट्रान्सवालमध्ये हिंदी माणसाकडून बोटांचे ठसे घेतात, म्हणून केवढा अपमान वाटला होता, केवढा लढा झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1911 साली, इथे हिंदुस्थानात आमच्या आज्या-पणज्यांचे ठसे घ्यायचा कायदा मुंबई इलाख्यात आला. तेव्हा होळी कोणी पेटवली नाही. आफ्रिकेतला पास मुलांना ठाऊक होता, बार्शीतला नाही.

देश 15 ऑगस्ट 1947ला स्वतंत्र झाला. मुंबई प्रांताने हा कायदा आपल्यापुरता थोडा आधी काढला, पण हा कायदा तपासायला नेमलेल्या अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर देशभरातून तो गेला 31 ऑगस्ट 1952 रोजी. म्हणून तो आमचा विमुक्त दिन. स्वातंत्र्य आमच्यापर्यंत पोचायला पाच वर्षं सोळा दिवस लागले, असं आमच्या सभांमध्ये दरवर्षी सांगतात. मग 1959 साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा केला. त्यात जातीचं नाव नाही, व्यक्तीचं आहे. कागदावर फरक मोठा आहे. ठाण्यात गेल्यावर किती उरतो ते खाली लिहिते.

गृहमंत्री महोदय, हे आपल्यासाठी. गेल्या दिवाळीच्या आधी बहिणीच्या वस्तीवर पहाटे कोम्बिंग, म्हणजे पोलिसांची सरसकट धरपकड-झडती, झालं. जवळच्या गावात घरफोडी झाली होती. वस्तीतल्या तरण्या पोरांना उठवून गाडीत घातलं, ठसे घेतले, फोटो काढले आणि दुपारी सोडून दिलं. कोणावरही गुन्हा दाखल झाला नाही. माझ्या भाच्याने विचारलं, आम्हालाच का? उत्तर मिळालं, "तुमच्या लोकांची जुनी नोंद आहे." मी ठाण्याचं नाव लिहीत नाही, लिहून काही होणार नाही. पण ती जुनी नोंद आम्हालाही हवीच होती! मी माहिती अधिकारात अर्ज टाकला: पणजोबांचं नाव ज्या हजेरी रजिस्टरमध्ये होतं त्याची प्रत द्या. लेखी उत्तर आलं, सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.

म्हणजे चोरी झाली की नोंद आहे. दाखला मागितला की नोंद नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात तुरुंगांच्या नियमावल्यांमधला जातीय भेद घटनाबाह्य ठरवला. त्याच निकालात गुन्हेगार जमाती कायद्याचा सगळा इतिहास आला आहे, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये यासाठी पोलिसांनी आधीच्या निकालांतली बंधनं पाळावीत, असंही सांगितलं आहे. आमच्या वस्तीवर आलेल्या पथकातल्या कोणाला या निकालाची कल्पना असल्याचं दिसलं नाही. 1 जुलै 2024ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा गुलामीच्या खुणा पुसल्याचं खूप ऐकलं. पिनल कोड गेलं, आनंद आहे. पहाटेचं कोम्बिंग मात्र जातीच्या नावाने चालूच आहे.

संशय पोलिसांपुरता राहत नाही म्हणून ही तक्रार गंभीर आहे. 1 जुलै 2018ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजारात, मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून जगणारी माणसं, आमच्याच मंगळवेढ्याकडची. अफवा मोबाइलवर आली होती. ती खरी वाटायला जी तयारी लागते ती मोबाइलच्या फार आधीची आहे. अनोळखी, फिरता, फाटका माणूस दिसला की आधी तो चोर, मग माणूस, हे या मुलखाला कोणी शिकवलं ते वर लिहिलं आहे.

बहुजन कल्याण मंत्री महोदय, आता आपल्याबद्दल. आयोगांची कमतरता नाही. विमुक्त-भटक्यांसाठी बाळकृष्ण रेणके यांचा राष्ट्रीय आयोग 2006 साली नेमला, 2008 साली अहवाल आला. मग भिकू रामजी इदाते यांचा आयोग, त्याचाही अहवाल आला. केंद्राने 2022 साली विमुक्त-भटक्यांसाठी सीड नावाची योजना काढली, साऱ्या देशासाठी पाच वर्षांत मिळून 200 कोटी. या रकमेबद्दल मी काही बोलत नाही. देशातल्या दोनशेहून अधिक जमाती अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी यांपैकी कुठल्याच यादीत नाहीत. आणि आमचं कैकाड्यांचं तर असं, की विदर्भात कैकाडी अनुसूचित जातीत, सोलापुरात विमुक्त जातीत. नागपूरची माझी चुलत नणंद आणि मी एकाच आडनावाच्या, एकाच देवीच्या, पण सरकारी हिशेबाने वेगवेगळ्या. राज्यात विमुक्त जातींना 3 टक्के आरक्षण आहे. केंद्राच्या नोकरीत गेलो की आम्ही ओबीसींच्या मोठ्या रांगेत.

कागद नसेल तर स्थानिक चौकशी करून दाखला देता येतो, असं आपले अधिकारी सभांमध्ये सांगतात. खिडकीवर ते कोणी सांगत नाही. चौकशीला माणूस पालावर यावा लागतो. आणि पालावर सरकारी माणूस येतो तो सहसा आपल्या शेजारच्या खात्याचा.

माफी मागा, असं मी म्हणत नाही. लंडनने मागावी की मुंबईने, यावर परिसंवाद भरतील आणि हार-तुरे होतील. मला हव्यात त्या गोष्टी साध्या आहेत, बहुतेकांना पैसाही लागणार नाही.

पहिली, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. गुन्हेगार जमाती कायद्याखालची हजेरी रजिस्टरं, पास, सेटलमेंटचे प्रवेश-कागद, ठशांच्या नोंदी, जे काही पोलीस ठाणी, अधीक्षक कार्यालयं, जिल्हा अभिलेख कक्ष आणि पुराभिलेखागारात उरलं असेल ते दोन्ही खात्यांनी मिळून शोधावं, त्याची गाववार, नाववार यादी करावी. ही यादी ठाण्यात ठेवू नये. ती पुराभिलेखाकडे ठेवावी, आणि ज्याच्या पूर्वजाचं नाव असेल त्याला अर्ज केल्यावर प्रत द्यावी, इतर कोणाला नाही. जे नष्ट झालं आहे ते कधी, कोणाच्या आदेशाने नष्ट झालं हेही लिहावं. म्हणजे पुढे कोणत्याही ठाण्यात "जुनी नोंद" हा शब्द ऐकू आला तर आम्हाला विचारता येईल, कुठली?

दुसरी. जात पडताळणीच्या मान्य पुराव्यांत हे कागद नावानिशी घालावेत. ज्या सरकारने जात ठरवून, अंगठा घेऊन, शिक्का मारून कागद दिला, त्याच सरकारच्या वारसाने तो नाकारू नये.

तिसरी. 21 नोव्हेंबर 1961च्या वास्तव्याची अट फिरत्या कुटुंबांना लावताना सक्तीने स्थानिक चौकशी व्हावी, तिला मुदत असावी, आणि ती चालू असेपर्यंत मुलाचा प्रवेश रद्द होऊ नये. मुदत कार्यालयाने चुकवली तर फटका विद्यार्थ्याला बसू नये. तो आज बसतो.

चौथी गृहखात्याकडे. 1959चा सराईत गुन्हेगारांचा कायदा रद्द करण्याबाबत सरकारची भूमिका काय, हे विधिमंडळात सांगावं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2000 साली असे कायदे रद्द करण्याची शिफारस केली होती, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने 2007 साली तेच सांगितलं. तोवर वस्तीवर कोम्बिंग करायचं तर कोणत्या गुन्ह्यात, कोणावर, कोणत्या कारणाने संशय, हे आधी लेखी असावं आणि त्यात जात हे कारण नसावं. ऑक्टोबर 2024च्या निकालाचा मराठी सारांश प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात लावावा. गुन्हा दाखल न करता घेतलेले ठसे आणि फोटो काढून टाकावेत. पोलीस प्रशिक्षणात जमातीच्या नावाने गुन्ह्यांच्या पद्धती शिकवणारा मजकूर कुठे उरला असेल तर तोही काढावा.

जनगणनेत जाती मोजायचं केंद्राने 2025 साली ठरवलं. 1931 नंतर पहिल्यांदा सगळ्या जातींबरोबर आमचीही मोजणी होईल. त्यात विमुक्त आणि भटक्यांची ओळख स्वतंत्र राहावी, पालं आणि पुलाखालची बिऱ्हाडं सुटू नयेत, यासाठी राज्याने केंद्राकडे लेखी आग्रह धरावा, आणि ते पत्र आम्हालाही वाचायला द्यावं.

शेवटची मागणी माझ्या पेशाची. इयत्ता आठवी ते दहावीच्या इतिहासात या कायद्याला एक धडा द्या. सोलापूरची सेटलमेंट, हजेरी, पास, 31 ऑगस्ट 1952, सगळं. आमच्या पोरांना कोणी वर्गात "सेटलमेंटवाले" म्हणून चिडवलं तर चिडवणाऱ्याला निदान माहीत असावं की तार कोणी घातली होती.

पुढच्या वर्षीचे प्रवेश जूनमध्ये सुरू होतील. पहिल्या तीन मागण्यांना शासन निर्णय पुरतो की नियमांत दुरुस्ती लागेल, हे आपल्या विधी व न्याय विभागाला विचारून मार्चअखेर जाहीर करावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
सेटलमेंट फ्री कॉलनी, सोलापूर